मुलांची हिफाजत : पॉक्सो कायदा पालकांना काय सांगतो

मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. तो मामू, चाचा, शिकवणीचे सर, मक्तबचे उस्ताद किंवा खेळाचा प्रशिक्षक असू शकतो. म्हणून मूल बोलायला घाबरतं आणि मोठे ‘घराण्याची इज्जत जाईल’ म्हणून गप्प बसतात. फायदा गुन्हेगाराचा होतो.

कायदा : पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. 18 वर्षांखालील मुलगे आणि मुली, दोघांनाही त्याचं संरक्षण आहे. नातेवाईक, शाळा किंवा धार्मिक संस्थेतील माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. अशा माणसाने बलात्कार केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षांची कैद आहे.

कळवणं बंधनकारक : गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर पोलिसांना सांगणं कलम 19 नुसार प्रत्येकाचं कर्तव्य आहे. लपवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत. ऑगस्ट 2024 च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवरही याच कारणाने गुन्हा दाखल झाला. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

समझोता : जमातीत बसून असं प्रकरण मिटवता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तडजोडीवरून गुन्हा रद्द करायला नकार दिला.

कुठे जावं : जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, जवळचं कोणतंही पोलीस ठाणं. फोन 1098 किंवा 112. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकारी घेतात, तेही वर्दीशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापता येत नाही.

घरात आणि संस्थेत : सूरह नूरमध्ये (24:58) मुलांनीही तीन वेळा इजाजत घेऊन खोलीत यावं, अशी तालीम आहे. खासगीपणाची ही शिकवण लहानपणीच द्या. मोठी झालेली मुलं वेगळी झोपवा. शरीराच्या खासगी भागांची नावं न लाजता सांगा. मक्तब, शिबिर, सहलीत एका मोठ्यासोबत एकटं मूल बंद खोलीत नको.

मूल काही बोललं तर रागावू नका, आधी ऐका. ‘तुझी चूक नाही’ एवढं वाक्य त्याला सगळ्यात जास्त हवं असतं. सूरह निसा (4:135) आपल्या नातेवाइकांविरुद्धही इन्साफाची गवाही द्यायला सांगते.