मधलं म्युझिक कुणाचं?

आधी नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं धरण पुसून टाका. दरवाजे, पंपहाऊस, मागे साठलेलं पाणी, सगळं. मग विद्यापीठ पुसा, इंजिनीअरिंग कॉलेज पुसा, मेडिकल कॉलेजच्या इमारती पुसा. उरते ती मोकळी वाहणारी गोदावरी, काठावरचं काळेश्वराचं देऊळ आणि फुफाट्याचा गाडीरस्ता. साल १९५१. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आलीत, नांदेड अजून हैदराबाद राज्यात आहे, आणि तुमच्या खिशात निजामाचा हाली सिक्का आणि भारताचा कलदार रुपया दोन्ही एकत्र वाजतायत.

तुम्हाला मुंबईला जायचंय. बैलगाडीनं नांदेड स्टेशन. तिथून मीटरगेजची गाडी: पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाड. मनमाडला उतरायचं, वळकटी खांद्यावर टाकायची आणि ब्रॉडगेजच्या गाडीत जागा मिळेल तिथे टेकायचं. डब्यात समोरच्या बाकावरचा पोरगा नव्या ‘अलबेला’तलं गाणं म्हणतोय. नीट ऐका. कडवं संपलं तरी तो थांबत नाही. शब्द संपतात तिथून तो तोंडानंच वाद्यं वाजवू लागतो, मांडीवर ताल धरतो, ट्रंपेटची वळणं, सॅक्सोफोनची उतरण सगळं काढतो आणि बरोब्बर वेळेवर मुखड्यावर येतो. शब्दांच्या मधे तो जे म्हणतोय, त्याच्या मागावर तुम्ही निघाला आहात.

मुंबईत उतरल्यावर पहिल्या ग्रामोफोनच्या दुकानात ती तबकडी हातात घ्या. काळं, जड, ७८ फेऱ्यांचं तबक. मधल्या गोल कागदावर चित्रपटाचं नाव. गाणारे: लता मंगेशकर आणि चितळकर. गीत: राजेंद्र कृष्ण. संगीत: सी. रामचंद्र. चितळकर आणि सी. रामचंद्र हा एकच माणूस: रामचंद्र नरहर चितळकर, १९१८ साली पुणतांब्यात जन्मलेला. म्हणजे तुमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला. एका माणसाची दोन नावं त्या चिमुकल्या कागदावर मावली आहेत. गाण्यात वाजवणाऱ्या बाकी कुणाचंही नाव तिथे नाही.

आता स्टुडिओत या. दार कापसानं भरलेलं, जाड आहे. भिंतीला लागून उभे राहा आणि चपला काढा, पावलांचा आवाज झाला तर टेक वाया जाईल. पंखे बंद, कारण माइकला त्यांचीही घरघर ऐकू जाते. खोलीभर माणसं घामानं निथळतायत आणि सगळ्यांत मिळून माइक मोजकेच. गाणारे, तबला, ढोलक, व्हायोलिनं, ट्रंपेट, सॅक्सोफोन एकदम वाजणार आणि एकदमच मुद्रित होणार. कुणा एकाचं बोट घसरलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या आवाजाची वाद्यं माइकपासून लांब बसवली आहेत. सॅक्सोफोनवाला कोपऱ्यात, तुमच्यापासून हातभर अंतरावर. वेताची पातळ रीड त्यानं जिभेवर धरली आहे; कोरडी राहिली तर ती चिरकते. ओली झाल्यावर ती माउथपीसवर बसवतो, दोन स्क्रू पिळतो, पट्टा गळ्यात नीट करतो.

त्याच्या समोरच्या कागदाकडे वाकून बघा. संगीतकारानं हार्मोनियमवर चाल सांगितली ती समजा सी या सुरात. आल्टो सॅक्सोफोनमधून तो सूर निघायचा असेल तर कागदावर ए लिहावा लागतो. ट्रंपेटवाल्याच्या कागदावर त्याच सुरासाठी डी. व्हायोलिनवाल्याकडे सीचा सीच. एकच ओळ तीन वाद्यांसाठी तीन तऱ्हांनी मांडायची, कुणी कुठे शिरायचं, कुणी किती मात्रा गप्प बसायचं, आणि दोन कडव्यांच्या मधे काय वाजायचं, हे सगळं कुणीतरी रात्री बसून लिहिलेलं आहे. त्या माणसाला इथे अरेंजर म्हणतात. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून येतं.

हे लिहिणारे आणि वाचून वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चर्चला जोडलेल्या शाळेत, मेस्त्रांच्या, म्हणजे संगीत-मास्तरांच्या, छडीखाली, लहानपणीच त्यांनी सुरांचं लेखन-वाचन घोटून घेतलेलं. मोठे झाल्यावर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवला. ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकेतले काळे जॅझ वादक येऊन राहिले होते, त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले. पुढे मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, रात्रीच्या नाचांचा धंदा बसला आणि हे लोक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जास्त दिसू लागले. हिंदी गाण्यात सॅक्सोफोन एवढा का शिरला, याचं एक उत्तर मोरारजी देसाईंच्या दारूबंदीत आहे.

टेक संपला, चहा आला. सॅक्सोफोनवाल्याला विचारा.

“साहेब, तबकडीवर तुमचं नाव येणार का?”

“नाव कसलं, बाबा? पाकीट वेळेवर आलं की झालं.” आणि थोडं थांबून, “तो मधला तुकडा मात्र घरी वाजवला की पोरं ओळखतात.”

ट्रंपेटच्या बाजूला ज्याच्याभोवती सगळे घोळका करून उभे आहेत, त्याचं नाव सांगता येतं. तो चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्याची ओळख. सी. रामचंद्रांचा सहायक. ‘अलबेला’च्या एका गाण्यात तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतोही, झालरीचे कपडे घालून. चेहरा दिसतो, वाद्य दिसतं, आणि तबकडीवर नाव नाही.

वाद इथूनच सुरू होतो. गोव्याच्या वादकांच्या घरी म्हणतात, ते सगळं आमच्या बापानं रचलं, नाव दुसऱ्याचं झालं. संगीतकारांचे चाहते म्हणतात, चाल ज्याची गाणं त्याचं, वादकांना मजुरी मिळाली. मी या खोलीत तुमच्या शेजारी उभं राहून सांगतो: ‘अलबेला’च्या चाली सी. रामचंद्रांच्या आहेत आणि त्या काढायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पण आगगाडीतल्या त्या पोरानं शब्दांच्या मधे जे तोंडानं वाजवलं, ते गाण्याच्या बाहेरचं कसं म्हणायचं? ते काढून घेतलं तर तो पोरगा गाणं म्हणणारच नाही. आणि चार माणसं एका खोलीत बसून रचतात तेव्हा कुठला सूर कुणाचा, हे दुसऱ्या दिवशी त्यांनाही सांगता येत नाही. म्हणूनच चौघांचीही नावं लिहून ठेवायची असतात.

वर्षभर मागे या. १९५०, ‘समाधी’. ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ देशभर वाजतंय, संगीत सी. रामचंद्र. आणखी पाच वर्षं मागे, अमेरिकेत, ‘डॉल फेस’ नावाच्या सिनेमात कार्मेन मिरांडा ‘चिको चिको’ गातेय; संगीतकार जिमी मॅकह्यू. दोन्ही एकापाठोपाठ ऐका, मग कुणी काही सांगायला लागत नाही. तिकडची चाल इकडे येताना तिकडचं नाव गळलं, आणि इकडे वाजवणाऱ्यांची नावं तर कधी लागलीच नव्हती. मग पुढे १९५७, ‘आशा’, ‘ईना मीना डीका’, संगीत पुन्हा सी. रामचंद्र. असं सांगतात की खोलीबाहेर पोरं खेळत होती, त्यांच्या आरडाओरड्यातून हे बोल सुचले, आणि सहायक जॉन गोम्सनं ‘मला नको’ अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्द त्यात टाकले. ते शब्द साठ-सत्तर वर्षं सगळा देश नाचून म्हणतोय. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचं.

नावाचं हेच भांडण बघायला आता लांबची उडी मारा. ८ मे १९४७, न्यूयॉर्क. आल्टो सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रंपेटवर माइल्स डेव्हिस, अजून एकवीसही पूर्ण न झालेला. ‘डोना ली’ नावाची रचना मुद्रित होते. स्वरांचा सांगाडा १९१७च्या ‘इंडियाना’ या गाण्याचा, वर बांधलेली चाल नवी आणि विजेसारखी. तबकडीवर रचनाकार: पार्कर. डेव्हिस पुढे आयुष्यभर सांगत राहिला की ती माझी, आणि जाणकारांनी त्याचं मानलं. मग पन्नाशीच्या दशकात जा. ‘फोर’ आणि ‘ट्यून अप’ या दोन रचना माइल्स डेव्हिसच्या नावावर निघतात. ह्यूस्टनचा सॅक्सोफोनवादक आणि गायक एडी व्हिन्सन म्हणतो, त्या माझ्या. ज्याचं नाव गेलं होतं, त्याच्याच नावावर दुसऱ्याचं जमा झालं.

तिथला तंटा कडू आहे, पण तबकडीवर ‘रचनाकार’ अशी ओळ होती आणि त्या ओळीवर कुणाचं नाव, याची भांडणं झाली. मुंबईत अरेंजरसाठी ओळच नव्हती. व्हिन्सनला निदान बोट ठेवायला जागा होती.

ओळ आणता येत नाही असंही नव्हतं. १९४९ साली ‘महल’ची तबकडी आली तेव्हा ‘आयेगा आनेवाला’च्या गायिकेच्या जागी ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. गाणाऱ्यांनी नंतर आपली जागा भांडून मिळवली. वादकांसाठी रेडिओला पत्रं कुणी लिहिली नाहीत.

१९६४च्या ‘कश्मीर की कली’त सॅक्सोफोन वाजतो तेव्हा जरा थांबा. ‘है दुनिया उसी की’. ओ. पी. नय्यर यांचं गाणं, मोहम्मद रफींचा आवाज, आणि त्या आवाजाच्या खांद्याला खांदा लावून चालणारा मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. कलकत्त्याच्या नेपाळी घरातला हा माणूस १९५८च्या सुमारास मुंबईत आला. रफी शब्द सोडतात तिथून तो उचलतो, झोकांड्या खातो, सावरतो. पडद्यावरचा शम्मी कपूर जेवढा पिऊन आहे तेवढाच सॅक्सोफोनही. नय्यर यांच्याकडे संयोजनाचं काम सेबॅस्टियन डिसोझा करत. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. हे गाणं गीतकार, संगीतकार, गायक अशा तीन माणसांचं नाही, पाचांचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि १९६८ साली एक एलपी येते: शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाईल’. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. वादकांची नावं छापलेली. तोच धंदा, तीच माणसं. मनात आणलं की कागदावर जागा होत होती.

परत विष्णुपुरीला या. १९७७ची लगीनसराई सरली, पुढची आली. नांदेडहून बँड आलाय, बाया डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालतायत, वरात देवळाकडे निघाली आहे. बँडमास्तरनं क्लॅरिनेट उचललं आणि ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ सुरू केलं. त्याच्याकडे कागद नाही. तबकडी ऐकून ऐकून कानानं उचललंय. मुखड्याला माणसं डुलतात. मधलं म्युझिक आलं की मात्र पोरं बेभान होतात, नवरदेवाचा घोडा बुजतो, मामा लोक पोरांवर ओरडतात. गावातल्या शेंबड्या पोराला अँथनी गोन्साल्विस हे नाव पाठ आहे. खरा अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचा, व्हायोलिनवादक, अरेंजर, हे गाणं बांधणाऱ्या प्यारेलाल यांचा गुरू. १९५८ साली मुंबईत त्यानं भारतीय रागांवर सिंफनी वाजवणारा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५मध्ये तो अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. शिष्यानं त्याचं नाव गाण्यात गुंफलं, ही गुरुदक्षिणाच. एरवी ज्या कामानं ते नाव मिळवलं होतं, त्या कामावर ते कुठेच नव्हतं.

त्याच १९७७च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता: निर्मात्यानं पैसे देऊन सिनेमासाठी करून घेतलेल्या संगीताचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. न्या. कृष्णा अय्यर यांनी सोबत आपली खंत लिहिली की गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताला या कायद्यात थाराच नाही. १९९४मध्ये कायद्यात कलावंताचे हक्क आले. २०१२मध्ये संगीतकार-गीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला, आणि कलावंताला आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला नावाचा हक्क नाही. नाव येत नव्हतं म्हणून नाव मागता येणार नाही! कोपऱ्यात बसून रीड ओली करणाऱ्या त्या माणसाचं काम आनुषंगिक होतं की नाही, हे वरातीत नाचलेल्या कुणालाही विचारा. त्या २०१२च्या जानेवारीतच अँथनी गोन्साल्विस गोव्यात वारले.

आज फोनवर तुम्ही ही गाणी लावता तेव्हा खाली अजूनही तीनच नावं दिसतात, ७८च्या तबकडीसारखीच. चौथी ओळ संयोजनाची आणि पाचवी वादकांची, एवढं वाढवायला ना धरण बांधावं लागतं ना कायदा बदलावा लागतो. ‘कश्मीर की कली’पुढे सेबॅस्टियन डिसोझा आणि मनोहारी सिंग आजच लिहिता येतील, ‘अलबेला’पुढे चिक चॉकलेट. बाकीची नावं गोव्यातल्या, वसईतल्या, बांद्र्यातल्या घरांत आहेत, बापाचा तुकडा ओळखणाऱ्या त्या पोरांच्या तोंडी. ती पोरं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि विचारायचं तर याच वर्षी विचारायला हवं.