कृतज्ञ मृतांच्या मागे

तोबीतचा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात जुन्या करारात आहे. प्रॉटेस्टंट बंधू त्याची गणना मूळ ग्रंथांत करीत नाहीत. निनवे नगरीत हद्दपारीचे जिणे जगणारा तोबीत उघड्यावर टाकलेल्या आपल्या बांधवांच्या प्रेतांना मूठमाती देतो आणि त्यापायी मालमत्ता गमावून बसतो. पुढे त्याचा पुत्र तोबियास मेदी देशात ठेवलेली दहा तालांत चांदी आणावयास निघतो, तेव्हा राफाएल देवदूत अनोळखी वाटाड्याच्या रूपाने त्याची सोबत करतो. परतल्यावर अर्धे धन देऊ केले असताही तो ते स्वीकारीत नाही. लोककथांच्या अभ्यासकांनी या ग्रंथाचे नाते अनेक देशांत आढळणाऱ्या एका कथाबीजाशी जोडले आहे. एक प्रवासी बेवारस प्रेताच्या अंत्यविधीसाठी गाठचा शेवटचा पैसा वेचतो आणि पुढे तो मृतात्मा त्याच्या उपकाराची फेड करतो, असे ते कथाबीज. इंग्रजीत त्याला ‘ग्रेटफुल डेड’, म्हणजे कृतज्ञ मृत, असे नाव आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियात जेरी गार्सिया या गिटारवादकाने शब्दकोश उघडला असता हे दोन शब्द त्याच्या दृष्टीस पडले आणि त्याच्या रॉक बँडला नाव मिळाले.

आपल्या वाचकांना हा बँड अगदीच परका वाटू नये म्हणून एवढे सांगतो की, त्याचा तालवादक मिकी हार्ट याने माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेल्या झाकीर हुसेन यांच्यासमवेत ‘प्लॅनेट ड्रम’ ही १९९१ची ध्वनिमुद्रिका केली आणि तिला ग्रॅमी पुरस्कार लाभला.

परक्यासाठी शेवटचा पैसा वेचण्याच्या कथेचे नाव मिरवणाऱ्या या बँडमागे तीस वर्षे लोकांनी पैसा वेचला, तो किती आणि कोणाकडे गेला? अशा चाहत्यांना उधळे म्हणून आम्ही वेदीवरून बोल लावलेले आहेत. हा इतिहास वाचल्यावर मात्र तो शब्द तितक्या सहजपणे आमच्या तोंडी येत नाही.

१९६५ ते १९९५ या काळात बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. अमेरिकेच्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या दहांत त्याचे एकच गीत पोहोचले, तेही १९८७ साली. म्हणजे चरितार्थ ध्वनिमुद्रिकांवर नव्हे, तर रस्त्यावर चालत असे. वसंत, ग्रीष्म व शरद अशा तीन फेऱ्यांत वर्षाकाठी सत्तर-ऐंशी कार्यक्रम होत, आणि ‘डेडहेड’ म्हणवणारे चाहते जुन्या गाड्यांतून एका गावाहून दुसऱ्या गावी त्यांच्या मागे जात. दोन रात्री तोच कार्यक्रम कधी होत नसे, म्हणून काल ऐकलेला आजही येई. १९९५ साली तिकीट तीस डॉलरांच्या आसपास होते. एका उन्हाळ्यात वीस कार्यक्रम ऐकणाऱ्याचे नुसत्या तिकिटांचे सहाशे डॉलर होत; पेट्रोल, निवारा व अन्न निराळे. १९९३ साली बँडच्या तिकिटांची विक्री साडेचार कोटी डॉलरांवर गेली.

ही रक्कम तिकीटखिडकीची झाली. तिच्याबाहेर जे चाले ते आम्हांस अधिक विचार करावयास लावते. सभागृहाबाहेरच्या मोटारतळावर जत्रा भरे. रंगवलेले सदरे, मण्यांच्या माळा, भाजलेल्या चीजचे सँडविच विकून चाहते पुढच्या गावापर्यंतच्या पेट्रोलचे पैसे उभे करीत. घेणारे आणि विकणारे एकाच फेरीतले. जवळ तिकीट नसलेला मनुष्य एक बोट वर करून उभा राही. ती ‘चमत्कारा’ची याचना होती, आणि कोणी अनोळखी मनुष्य जादा तिकीट त्याच्या हाती फुकट ठेवी. बँडने कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करण्यास मुभा दिली होती, ऑक्टोबर १९८४ पासून तर त्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच, की त्या टेप विकावयाच्या नाहीत. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल धाडले की कोणीतरी दूरस्थ बंधू कार्यक्रम भरून पाठवी.

बेथानी गावी मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकता आले असते हा हिशेब यहूदा इस्कार्योताने मांडला. बँडची आणि प्रभूची तुलना आम्ही करीत नाही, देव न करो. पण दुसऱ्याच्या प्रेमाचा खर्च मोजताना आपण कोणाच्या पंक्तीस बसतो, याची धास्ती आम्हांस तेव्हापासून वाटते.

तरीही या जत्रेची काळी बाजू झाकता येत नाही. मोटारतळावर एलएसडी या अमली द्रव्याचाही व्यापार होता. १९८६च्या कायद्याने अशा द्रव्यासाठी किमान शिक्षा ठरवून दिल्या, आणि द्रव्यासह त्याच्या कागदाचेही वजन धरावे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. कागदाच्या वजनापायी कित्येक तरुणांची पाच-पाच, दहा-दहा वर्षे तुरुंगात गेली. तो खर्च कोणत्या वहीत मांडावा? उलट व्यसन सोडलेले चाहतेही फेरीत असत. मध्यंतरात पिवळ्या फुग्याखाली जमून ते एकमेकांस सावरीत. त्यांच्याविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

१९८७च्या त्या गीतानंतर गर्दी वाढली. गाणे ऐकण्यास नव्हे, तर जत्रेसाठीच लोक येऊ लागले. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यात तिकिटे नसलेल्या हजारोंनी कुंपण पाडून आत प्रवेश केला. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. तिकीट नसल्यास येऊ नका, अशी विनवणी करणारे पत्र बँडला काढावे लागले. आठवड्याभराने, ९ जुलैला, शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ९ ऑगस्टला गार्सिया व्यसनमुक्ती केंद्रात निवर्तला. त्याचे वय ५३ होते.

२०१५ साली उरलेले चौघे शिकागोच्या त्याच मैदानात तीन दिवस एकत्र आले. तिकिटे ५९.५० ते १९९.५० डॉलर होती. पुनर्विक्रीच्या बाजारात त्यांचे हजारो डॉलर मागितले गेले. बोट वर करणाऱ्यापुढे आता मधला व्यापारी उभा होता, आणि चाहत्याचा पैसा चाहत्याच्या हाती फिरण्याऐवजी त्याच्याकडे जाऊ लागला. आमचा रोष असलाच तर त्या व्यापाऱ्यावर आहे.

टपालाने तिकिटे मागविण्याची १९८३ पासूनची रीत मात्र त्या वर्षी पुन्हा पाळली गेली. साठ हजारांहून अधिक पाकिटे आली. तिकिटे इतकी नव्हती, म्हणून बहुतेकांच्या मनीऑर्डरी परत गेल्या. ही पाकिटे चाहते गुलाब, कवट्या, अस्वले रंगवून धाडीत, की उघडणाऱ्याची दृष्टी आपल्यावर पडावी. जुन्या काळातील अशी कित्येक पाकिटे आता सांताक्रूझ येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात बँडच्या इतर कागदपत्रांसमवेत ठेवलेली आहेत.