वेळासची अंडी

अंबाजोगाईपासून समुद्र फार लांब. तरी कोकणाशी आमचं नातं जुनं, ते योगेश्वरीमुळे. कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवी. घरात कार्य झालं की ती माणसं घाट चढून आमच्या बीड जिल्ह्यात येतात, देवीची ओटी भरतात. आमच्याकडे उतरणाऱ्यांत मंडणगड तालुक्यातलं एक कुटुंब असे. त्यातल्या आजोबांकडून, समुद्र न पाहिलेल्या मला, कासवांची हकिगत पहिल्यांदा कळली.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू लोटते आणि परत जाते. पिल्लांशी तिची गाठ कधीच पडत नाही. पहाटे वाळूवर तिचे माग दिसतात. ते धरून माणसं जात आणि काठीने वाळू टोचत. काठी सहज आत गेली की खाली घरटं. अंडी घरी खाल्ली जात, विकलीही जात. माणसांच्या हातून सुटलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. आजोबा हे सांगताना कुणाला नावं ठेवत नसत, आणि मलाही ठेवावीशी वाटत नाहीत. गरिबाच्या घरी चालून आलेलं अन्न होतं ते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पण कागदावरचा कायदा पहाटेच्या वाळूवर राखण करत नाही. बदल घडला तो २००२ पासून, नाना फडणवीसांच्या मूळ गावी, वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या शोधात फिरत होते. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. मग त्यांनी गावालाच हाताशी धरलं. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. माग ओळखणारी नजर गावात पिढ्यान्‌पिढ्या होती, तीच आता राखणीला लागली.

काम नाजूक आहे. सापडलेली अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपणातल्या वाळूत मूळ घरट्याएवढाच खोल, खाली रुंद असा खड्डा करून त्यात ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात आणि पिल्लं पाण्याजवळ सोडतात. चालत मात्र त्यांनी स्वतःच जायचं.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, उकडीचे मोदक खाऊ लागले. अंड्यांतून चार पैसे पूर्वीही मिळत. आता ते अंडी जपून मिळू लागले. पुढे आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवरही हे काम रुजलं.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं, तिचं नाव ‘प्रथमा’. २०२५ मध्ये तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी निघाली. ती २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली होती. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा समज त्या पट्टीने हलवला. आता एका किनाऱ्यावरची राखण दुसऱ्या किनाऱ्यालाही कशी पुरते, हे अभ्यासकांना नव्याने तपासावं लागणार आहे.