कोणतं सेलू?

२००६ च्या पावसाळ्यात सेलूच्या स्टेशन रोडवरच्या एका नेट कॅफेत मी दोन ओळी लिहायला एक तास घेतला. तासाचे वीस रुपये. ओळी अशा होत्या: नमस्कार, मी इथे नवीन आहे. सेलू, जि. परभणी इथला विद्यार्थी आहे, संगणकाची आवड आहे.

पडद्यावर 'सेलू' आणि 'परभणी' व्यवस्थित दिसत होतं. 'विद्यार्थी' मात्र मोडून पडला होता. पहिली वेलांटी 'व'ला सोडून 'द'च्या डोक्यावर गेलेली, जोडाक्षरं फुटून त्यांचे पाय मोडलेले. युनिकोडमध्ये वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या नंतर साठवतात. दाखवताना ती उचलून आधी आणून ठेवायचं काम सिस्टिमचं. विंडोज एक्सपीत ही सोय मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायची, मग तो एक्सपीची सीडी मागायचा. कॅफेच्या मालकाकडे सीडी नव्हती, आणि असती तरी त्यानं ती माझ्या हातात दिली नसती. आमच्या पत्त्याचं नशीब असं की सेलू, परभणी, मराठवाडा, यातल्या एकाही शब्दात ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. गाव शाबूत, विद्यार्थी मोडका.

आज तुम्ही एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर गेलात की बॉट एका सेकंदात स्वागत करतो आणि ओळख करून द्यायला वेगळी जागा दाखवतो. नाव, कुठून आलात, सेटअप काय. हे तीन प्रश्न कुठून आले हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. कारण मी ज्या ओळखीत वाढलो तिचे प्रश्न वेगळे होते.

आमचे वडील मोंढ्यात मुनीम. त्यांच्यासोबत कुठंही गेलं की आधी 'कोण्या गावचे?', मग 'आडनाव काय म्हणले?' आडनावावरून समाधान झालं नाही तर 'मामाचं गाव कोणतं?' तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला जात कळलेली असायची आणि पाणी कोणत्या पेल्यात द्यायचं हेही ठरलेलं असायचं. हा माणूस काय करतो, त्याला काय आवडतं, हा प्रश्न आलाच तर शेवटी, चहा संपताना.

संगणकवेड्यांच्या जगात हाच प्रश्न पहिला होता. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तीसेक लोक जमले. अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक तेव्हा नुकताच आला होता. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ती पहिली बैठक. पुढे या क्लबात पद्धतच पडली: उभं राहायचं, मी काय बनवतोय ते सांगायचं, मला काय हवंय ते सांगायचं आणि बसायचं. फ्रेड मूर हा गृहस्थ क्लबचं पत्रक काढायचा. त्यात सदस्यांच्या नावापुढे त्यांची आवड छापलेली असायची.

त्या गॅरेजमध्ये एक लाजाळू इंजिनिअर बसला होता. बैठक टीव्ही टर्मिनलबद्दल आहे असं समजून तो आलेला. इथे सगळे मायक्रोप्रोसेसरबद्दल बोलतात आणि आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही, हे पाहून त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. जाताना त्यानं एका प्रोसेसरची माहिती देणारी पानं मात्र घरी नेली आणि त्याच रात्री ती वाचून काढली. त्याचं नाव स्टीव्ह वॉझनियाक. पुढच्या वर्षी ॲपलचा पहिला संगणक त्याच्या हातून झाला. ही गोष्ट मी फार उशिरा वाचली. नेट कॅफेत बसलो होतो तेव्हा वाचलेली असती तर माझे दहा रुपये वाचले असते.

गॅरेजमधून ही पद्धत तारेवर गेली ती शिकागोत. जानेवारी १९७८ मधल्या हिमवादळात घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेनसनला कल्पना सुचली. त्यानं आणि रँडी स्यूसनं मिळून फोनवरून चालणारा फळा तयार केला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. नाव सीबीबीएस. घरच्या संगणकाला मोडेम लावून फोन करायचा, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा. एका वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं केला तर फोन एंगेज. वेग सेकंदाला तीस अक्षरांच्या आसपास. इतक्या हळू जगात ओळख आपोआप थोडक्यात व्हायची.

मग युजनेट आलं. अमेरिकेत कॉलेजं सप्टेंबरमध्ये सुरू होतात, त्यामुळे दर सप्टेंबरला नव्या विद्यार्थ्यांची लाट यायची. काहीही विचारायचे, ओरडा खायचे आणि महिन्याभरात रुळायचे. १९९३-९४ नंतर कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांसाठी दार उघडलं आणि ती लाट थांबलीच नाही. जुन्या लोकांनी वैतागून त्याला 'न संपणारा सप्टेंबर' म्हटलं. मला हा शब्द गमतीचा वाटतो आणि थोडा रागही येतो. आम्ही सगळे त्या सप्टेंबरातच आलो.

युजनेटवरचा सगळ्यात प्रसिद्ध नवखा म्हणजे हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं मिनिक्स वापरणाऱ्यांना लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, छंद म्हणून, फार मोठी काही होणार नाही. ती सिस्टिम पुढे लिनक्स झाली, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आज तिचाच गाभा आहे. त्या निरोपात लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. यंत्र कोणतं ते आहे, ३८६. गाव फक्त ईमेलच्या पत्त्यात दिसतं.

म्हणजे तिकडच्या ओळखीत गावाच्या आणि आडनावाच्या जागी यंत्र आलं होतं.

भारतातही हे वेड फार उशिरा आलं नाही. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळूरला सीआयएक्स नावाचा असाच फोनवरचा फळा सुरू केला. १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी येऊ लागली, त्यामागेही तेच होते. व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालं, पण 'सर्वांसाठी' म्हणजे मोठ्या शहरांतल्या काहींसाठी. सेलूहून कुठंही मोडेम लावायचा म्हणजे एसटीडी, आणि आमच्या घरी तर फोनच नव्हता. मी कळफलकाला पहिला हात लावला तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. एमकेसीएलचा हा कोर्स २००२ पासून गावोगाव पोचला होता आणि नोकरीच्या आशेनं अर्धं सेलू तो करत होतं.

रद्दीच्या दुकानात मला पीसीक्वेस्टचे जुने अंक सापडले. सीडी नव्हत्या, नुसते अंक. लिनक्सबद्दल मी पहिलं वाचलं ते तिथं. मग २००५ मध्ये एका इंग्रजी मेलिंग लिस्टवर मी माझी ओळख करून दिली. सगळी ओळख कॅपिटल अक्षरांत, कारण तसं लिहिलं की ऑफिशियल दिसतं असा माझा समज. त्यात एमएस-सीआयटीत मिळालेले टक्केही लिहिले होते. उत्तर आलं: ओरडू नकोस. प्रश्न कसे विचारावेत यावर एरिक रेमंड यांचा २००१ चा एक लांबलचक निबंध आहे, त्याची लिंक होती. शेवटी विचारलं होतं, तुझ्या मशीनचं कॉन्फिगरेशन काय?

लिंकचं वाईट वाटलं नाही. निबंध मी छापून घेतला, तीन रुपये पान या दरानं, आणि अजूनही तो चांगला आहे असं माझं मत आहे. अडलो कॉन्फिगरेशनवर. माझ्याकडे मशीन नव्हतं. लिस्टवर कुणी मला आडनाव विचारलं नाही, मामाचं गाव विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी उभा होतो जिथं मला काय आवडतं हा पहिला प्रश्न होता. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घरात पंचवीस-तीस हजारांची वस्तू लागत होती. मी उत्तर पाठवलं नाही.

त्यानंतर मी मराठीकडे वळलो. मराठीत ही परंपरा १९९६ पासूनची. त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' सुरू केली. परदेशातल्या मराठी माणसांना संगणकावर एकमेकांशी मराठीत बोलता यावं म्हणून. त्या काळात ज्याचा फॉन्ट त्याचं मराठी. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर समोर निव्वळ कचरा दिसायचा. म्हणून बरेच जण रोमन अक्षरांतच मराठी लिहायचे. रोमनमध्ये माझ्या गावाची पंचाईत अशी की त्याची स्पेलिंगं एकाहून जास्त आहेत, आणि लोक आपापल्या सोयीनं कोणतंही वापरतात.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ मध्येच मिळाली होती, पण घरोघरच्या संगणकांना ती कळायला दहा-बारा वर्षं गेली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया आला, तिथल्या चर्चेच्या पानाचं नावच 'चावडी'. २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'मिसळपाव' आणि 'उपक्रम'. ओंकार जोशी यांच्या 'गमभन'नं रोमन कळा दाबून देवनागरी टंकायची सोय केली. या जागांना स्वतःची भाषा आली: चर्चेला 'धागा', नुसतं वाचून जाणाऱ्याला 'वाचनमात्र', खोट्या दुसऱ्या नावाला 'डुआयडी'. मी आठ महिने वाचनमात्र होतो.

मराठीत आल्यावर ओळखीत गाव परत आलं. सान होजेचा माणूस 'मूळचा सांगलीचा' असं लिहायचा आणि सांगलीचे तीन जण लगेच धाग्यावर हजर. यात जिव्हाळा होता, नाही असं नाही. पण गावामागून आडनाव येतं आणि आडनावामागून काय येतं ते मला मोंढ्यात कळलं होतं. म्हणून बऱ्याच जणांनी टोपणनावं घेतली. बायकांनी तर घेतलीच. बाईचं नाव दिसलं की ओळखीच्या धाग्याला उत्तरं कमी आणि खाजगी निरोप जास्त यायचे, असं त्या स्वतःच पुढे लिहीत. टोपणनाव मीही घेतलं. ते कोणतं ते इथे सांगत नाही.

तर २००६ चा पावसाळा. मोडक्या 'विद्यार्थी'सकट मी ओळख पाठवली. आणखी एक ओळ वाढवली: माझ्याकडे स्वतःचा संगणक नाही. ती लिहायलाच खरा तास गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस रुपये. चार उत्तरं होती. एक नुसतं 'स्वागत आहे'. दुसरं, 'कोणतं सेलू? वर्ध्याजवळचं का?' (वर्धा जिल्ह्यातही सेलू आहे, तालुक्याचं गाव आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या नावावर आयुष्यभर खपतो.) तिसरं एका परदेशातल्या गृहस्थांचं. मीटरगेजच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे जाताना सेलू स्टेशन लागायचं, एवढंच त्यांना आठवत होतं. आता ब्रॉडगेज झाली का, असं विचारलं होतं.

चौथ्यानं विचारलं, मशीन नाही तर कॅफेत सीडी ड्राइव्ह आहे का? उबुंटूची सीडी तेव्हा फुकट घरपोच मागवता यायची. शिपइट नावाची ती योजना २००५ ते २०११ चालली. सीडीवरून संगणक सुरू करायचा, आतल्या विंडोजला हात लागत नाही, काम झालं की सीडी काढून घरी न्यायची. म्हणजे मशीन दुसऱ्याचं, सिस्टिम आपली. मी फॉर्म भरला. पत्ता इंग्रजीत, स्पेलिंग अंदाजानं.

सीडी यायला दोन महिने लागले. पोस्टमननं पाकीट वडिलांच्या हातात दिलं. 'हे कुणी पाठवलं?' वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, 'कंपनीनं.' 'पैसे?' 'नाही.' 'मग का पाठवलं?' याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही.

कॅफेच्या मालकानं मशीन बिघडलं तर भरून द्यायची अट घातली आणि स्वतः मागे उभा राहिला. तीन-चार मिनिटं सीडी फिरत राहिली. मग खाकी रंगाचा पडदा आला. मी लिहायची पाटी उघडली, कळफलक मराठीवर नेला आणि चाचपडत 'विद्यार्थी' टंकलं. वेलांटी जागेवर होती. रफारही. मालक म्हणाला, 'हे आपल्या सगळ्या मशीनला होईल का?'

परवा सेलूला गेलो तेव्हा भाचा फोनवर कुठल्याशा ग्रुपात आपली ओळख लिहीत होता. जुन्या फोनवर वेगळी रॉम टाकणाऱ्या पोरांचा ग्रुप. फोनचं मॉडेल, रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती, सगळं फडाफडा. कुणीतरी गाव विचारलं तर यानं लिहिलं, 'छत्रपती संभाजीनगरजवळ'.

'जवळ? तीन तास लागतात की रे.'

'मामा, त्यांना परभणीच माहीत नाही.'

तेवढ्यात उत्तर आलं. विचारलं होतं, बूटलोडर अनलॉक केलाय का?