नावामागचं चिन्ह

मी कलाशाखेचा बी.ए., त्यात कवी. कवीला मोजणीचं वावडं असतं असा समज आहे. पण मात्रा आम्हीही मोजतोच. लघू की गुरू हे ठरल्याशिवाय ओळ वृत्तात बसत नाही. म्हणून ‘बेसिक’ या संगणकभाषेतला एक छोटा प्रश्न मला जवळचा वाटतो. यंत्रापुढे ठेवलेला अंक पूर्णांक की दशांश, हे कुणी आणि कधी सांगायचं?

१ मे १९६४ रोजी पहाटे अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात ही भाषा प्रथम चालली. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक तिचे जनक. जुन्या फोरट्रान भाषेत ‘आय’ ते ‘एन’ या अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकांची, बाकीची दशांशांची, असा रिवाज होता. या दोघांना साहित्य, इतिहास शिकणारी मुलंही संगणकापाशी बसवायची होती. त्यांनी तो भेदच काढला. अंक तो अंक! नावं मात्र तुटपुंजी: एक अक्षर, किंवा अक्षरापुढे एक आकडा. एकूण २८६.

१९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी बेसिक लिहिलं. अशा यंत्रांची मेमरी तोकडी. बाइट न् बाइट जपावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या आवृत्त्यांत तो भेद परतला, नावाच्या शेपटीला चिन्ह होऊन. टक्क्याचं चिन्ह म्हणजे पूर्णांक: दोन बाइट, उणे ३२,७६८ ते ३२,७६७. उद्गारचिन्ह म्हणजे चार बाइट, सुमारे सात अंकांची अचूकता. हॅश म्हणजे आठ बाइट, सुमारे सोळा अंक. काहीच लावलं नाही, तर उद्गारचिन्ह गृहीत. ‘डेफइंट’ या आज्ञेने अक्षरांचा पट्टाच पूर्णांकांसाठी राखता येई. म्हणजे फोरट्रानचा रिवाज मागल्या दाराने आत!

१९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यांच्या बेसिकातही टक्क्याचं चिन्ह होतं. पण तिथे पूर्णांकाला चार बाइट, म्हणजे मजल दोनशे कोटींपलीकडे.

आता जमाखर्चाकडे या. मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकात १२,३४,५६७.८९ ही रक्कम चिन्हाविना नावात ठेवली, तर छापून येई १२३४५६८. तक्रार नाही, सूचना नाही. पैसे मुकाट्याने गडप. उलट ३२,७६७ मध्ये एक मिळवून बेरीज टक्क्याच्या नावात ठेवली, की यंत्र ‘ओव्हरफ्लो’ म्हणून थांबे. मला ही थांबणारी चूक जास्त प्रामाणिक वाटते. शिवाय त्याच नावाला चिन्ह बदललं की खण बदले. चिन्ह विसरलं, तर हाती दुसऱ्याच खणातलं शून्य!

पुढे क्विकबेसिकमध्ये प्रकार शब्दांत सांगता येऊ लागला. व्हिज्युअल बेसिकमध्ये तर जाहीर न केलेलं नाव वापरूच न देण्याची सोय आली.

केमेनी-कर्ट्झ यांनी दार सताड उघडं ठेवलं, ते योग्यच. लघू-गुरू पाठ झाल्यावरच कविता लिही, असं कुणी म्हटलं असतं तर मीही लिहिली नसती. पण दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, तर अंक कसला हे आधी सांगावं.