परिचालन प्रणालीचे अद्यतन व कारखानदारी

परिचालन प्रणालीचे अद्यतन व कारखानदारी : संगणकाची यांत्रिक साधने आणि त्यांवर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांत मेळ घालणाऱ्या मूलभूत कार्यक्रमसंचास परिचालन प्रणाली म्हणतात. तिच्यातील दोष दूर करणे, सुरक्षिततेतील उणिवा बुजविणे किंवा नव्या सोयींची भर घालणे यांसाठी निर्मात्याकडून वेळोवेळी जे बदल पाठविले जातात, त्यांना अद्यतन अशी संज्ञा आहे. अद्यतन अर्ध्यावर अडकणे, ते पूर्ण झाल्यावर संगणक सुरूच न होणे किंवा त्याला जोडलेले एखादे उपकरण निकामी होणे, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. घरगुती संगणकाच्या बाबतीत यामुळे काही तास वाया जातात. परंतु कारखान्यातील यंत्र संगणकावर अवलंबून असेल, तर उत्पादनच थांबते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे.

पूर्वेतिहास : आरंभीच्या संगणकांना सूचना छिद्रित कागदी फितीवरून दिल्या जात. सूचनेत चूक आढळल्यास नको असलेल्या छिद्रांवर कागदाचा तुकडा चिकटवीत किंवा फितीचा सदोष भाग कापून तेथे नवा जोडीत. हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क–१ (१९४४) या यंत्राच्या फितींवर अशी ठिगळे आढळतात. लहान दुरुस्तीला संगणक व्यवसायात आजही ठिगळ याच अर्थाचा ‘पॅच’ हा शब्द रूढ आहे, त्याचे मूळ येथे आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये घोषित केलेल्या सिस्टिम–३६० या संगणकमालेची परिचालन प्रणाली तयार करताना या कामातील मुख्य अडचण स्पष्ट झाली. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे नोंदविले आहे की, एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. कारण दुरुस्ती एका ठिकाणी होत असली, तरी तिचे परिणाम संपूर्ण प्रणालीभर पसरतात.

निर्मात्याचा आधार अचानक संपण्याचा अनुभव भारताने लवकर घेतला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील आपला व्यवसाय आवरता घेतला, तेव्हा तिच्या संगणकांच्या देखभालीची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या शासकीय कंपनीकडे आली. यंत्र विकत घेतले, तरी ते चालते ठेवण्याची शक्ती विक्रेत्याच्या हाती राहते, ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली.

व्यक्तिगत संगणकांचा प्रसार होईपर्यंत अद्यतने चुंबकीय फितींवरून किंवा तबकड्यांवरून येत आणि ती केव्हा बसवावयाची, हे वापरणारा ठरवीत असे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज–९८ (१९९८) बरोबर महाजालावरून अद्यतने मिळविण्याची सोय दिली. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा-अद्यतने देण्याची प्रथा तिने सुरू केली. विंडोज–१० (२०१५) मध्ये सर्वसामान्य ग्राहकास अद्यतन कायमचे नाकारण्याची मुभा जवळजवळ उरली नाही. ऑक्टोबर २०१८ मधील एका मोठ्या अद्यतनामुळे काही ग्राहकांच्या धारिका नष्ट झाल्या व कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले. निर्णय निर्मात्याचा आणि नुकसान ग्राहकाचे, अशी तक्रार त्यानंतर अधिकच तीव्र झाली.

औद्योगिक पट्टा व अंकीय नियंत्रण : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही शासकीय कंपनी स्थापन झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या भागांत कारखान्यांची वाढ झपाट्याने झाली. टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) व बजाज ऑटो या कंपन्यांमुळे वाहन उद्योग हा तिचा कणा ठरला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. पुढे कारखानदारी उत्तरेकडे चाकणपर्यंत पसरली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने तेथे सुरू झाले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग या पट्ट्यात आहेत.

सुटे भाग घडविणारी लेथ, कर्तन यंत्रे इ. यांत्रिक हत्यारे आज बहुतांशी अंकीय नियंत्रणावर चालतात. अंकीय नियंत्रित यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ मध्ये झाले. आरंभी नियंत्रकाची परिचालन प्रणाली स्वतंत्र व बंदिस्त असे. १९९० नंतर मात्र चालकासमोरील पडदा व धारिकांची साठवण यांसाठी सामान्य व्यक्तिगत संगणकाचाच उपयोग होऊ लागला. उदा., सीमेन्स कंपनीच्या सिन्यूमेरिक मालेतील काही नियंत्रकांमध्ये विंडोज एनटी व नंतर विंडोज एक्सपी या प्रणाली वापरल्या गेल्या. यामुळे यंत्र वापरण्यास सोपे झाले; परंतु कार्यालयीन संगणकाचे आयुर्मान व त्याचे विकारही त्याबरोबर यंत्रशाळेत आले.

मूळ विसंगती : चांगले यांत्रिक हत्यार १५ ते २० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ काम देते. लघुउद्योजक ते बहुधा कर्ज काढून घेतो व कर्ज फिटल्यानंतरच्या वर्षांत त्यापासून खरा लाभ मिळवितो. परिचालन प्रणालीचे आयुष्य याहून कमी असते. विंडोज एक्सपी (२००१) चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज–७ (२००९) चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज–१० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज–११ साठी नव्या पिढीचा प्रक्रियक व विशिष्ट सुरक्षा-चकती आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक संगणक तिच्या दृष्टीने अपात्र ठरतात. लोखंड, मळसूत्र व चलित्र शाबूत असताना केवळ पडद्यामागील प्रणाली कालबाह्य झाल्याने यंत्र जुने ठरावे, ही या काळातील नवी गोष्ट होय.

अद्यतन बसविताना नव्या धारिका उतरवून घेणे, त्यांची सत्यता पडताळणे, वापरात असलेल्या जुन्या धारिका संगणक पुन्हा सुरू होताना बदलणे व बिघाड झाल्यास पूर्वस्थितीवर परतणे, असे टप्पे असतात. साठवणीची जागा अपुरी असणे, जुन्या उपकरणाचा चालक-कार्यक्रम नव्या प्रणालीशी न जुळणे किंवा मध्येच वीज जाणे यांपैकी कोणत्याही कारणाने हा क्रम तुटू शकतो. पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते व वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी काढली जातात. साहजिकच यंत्र रिकामे असते त्या दिवशी विजेचा भरवसा नसतो आणि वीज असते त्या दिवशी यंत्र रिकामे नसते. शिवाय यंत्रनिर्मात्याच्या संमतीवाचून प्रणालीत बदल केल्यास त्याची हमी धोक्यात येते. मोठ्या कारखान्यास सुटे भाग ठरलेल्या वेळीच पोहोचवावे लागत असल्याने एका यंत्राच्या खोळंब्याचा परिणाम संपूर्ण साखळीवर होतो. या सर्व कारणांमुळे ‘चालते आहे, त्यास हात लावू नये’ असा व्यवहार यंत्रशाळांत रूढ झाला, यात नवल नाही.

अद्यतन टाळण्याचे परिणाम : हा व्यवहार सुरक्षित मात्र नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक कार्यक्रम महाजालाशी न जोडलेल्या औद्योगिक संगणकांतही खिशात मावणाऱ्या स्मृतिसाधनांवाटे शिरला. त्याचा अधिक प्रसार झालेल्या देशांत इराण व इंडोनेशिया यांच्या बरोबरीने भारताचाही समावेश होता. वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमाने १२ मे २०१७ पासून जगभर संगणक बंद पाडले. त्याने ज्या उणिवेचा फायदा घेतला, ती बुजविणारे अद्यतन १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाले होते. चेन्नईजवळील रेनो-निसान वाहन कारखान्यासही या हल्ल्याची झळ बसली. त्याच वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या या कार्यक्रमामुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्यावरील संगणकीय कामकाज ठप्प झाले. पुणे पट्ट्यातील मालाची आयात-निर्यात मोठ्या प्रमाणावर याच बंदरातून होते. नॉटपेट्याचा प्रथम प्रवेश युक्रेनमधील एका हिशेब-कार्यक्रमाच्या अद्यतनावाटेच झाला होता, ही बाब लक्षणीय आहे.

सदोष अद्यतनाचे परिणाम : १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९·३९ वाजता क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-कार्यक्रमाचे अद्यतन पाठविले. हे परिचालन प्रणालीचे अद्यतन नव्हते. परंतु तो कार्यक्रम प्रणालीच्या गाभ्यात काम करीत असल्याने परिणाम तोच झाला. २० मूल्ये पुरविली जात असताना २१ व्या मूल्याचा शोध घेण्याची सूचना त्यात होती व त्यामुळे संगणक कोलमडले. सुमारे सव्वा तासात सदोष धारिका मागे घेण्यात आली. तथापि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोपर्यंत सु. ८५ लाख संगणक बाधित झाले होते. बंद पडलेल्या संगणकास नवी धारिका पाठविता येत नसल्याने त्यांपैकी पुष्कळ संगणकांजवळ प्रत्यक्ष जाऊन धारिका हाताने काढावी लागली. भारतात विमानसेवा विस्कळीत झाल्या व काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून देण्यात आली. वाहन उद्योगातील उदाहरण जपानचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटा कंपनीच्या सुटे भाग मागविणाऱ्या प्रणालीच्या नियमित देखभालीत साठवणीची जागा संपली व तिचे देशातील सर्व १४ कारखाने थांबले. पर्यायी संगणकही त्याच व्यवस्थेत असल्याने तो उपयोगी पडला नाही.

उपाय : वरील दोन्ही प्रकारच्या अनुभवांतून काही पद्धती स्थिर झाल्या आहेत. अद्यतन प्रथम एका राखीव संगणकावर तपासणे, नंतर ते टप्प्याटप्प्याने बसविणे, त्यापूर्वी संपूर्ण साठवणीची प्रतिमा घेऊन ठेवणे व यंत्रशाळेचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून अलग राखणे, या त्यांपैकी प्रमुख होत. औद्योगिक नियंत्रण प्रणालींच्या अद्यतनांसंबंधी आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने २०१५ मध्ये तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला. उद्योगांसाठी दहा वर्षांपर्यंत आधार मिळणाऱ्या खास आवृत्त्याही उपलब्ध आहेत. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निदेशांनुसार सुरक्षाविषयक घटना सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक झाले. राखीव संगणक व तज्ञ बाळगणे मोठ्या कारखान्यास शक्य असते. पाच-सात यंत्रांच्या यंत्रशाळेस ते परवडत नाही. त्यामुळे अशा उद्योगांच्या बाबतीत यंत्र विकत घेतानाच, त्याच्या प्रणालीस किती वर्षे आधार मिळेल व अद्यतन फसल्यास जबाबदारी कोणाची, हे करारात नमूद करून घेणे महत्त्वाचे ठरते.

हा प्रश्न आता कारखान्याबाहेरही गेला आहे. आधुनिक मोटारगाडीत अनेक संगणक असतात व त्यांची अद्यतने बिनतारी संदेशाने गाडीपर्यंत पोहोचविता येतात. वाहनांच्या अद्यतनांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १५६ क्रमांकाचा विनियम २०२१ मध्ये अंमलात आला. अद्यतन फसले, तरी वाहन सुरक्षित स्थितीत राहिले पाहिजे, ही त्यातील एक प्रमुख अट आहे. यंत्रशाळांतील लहान-मोठ्या संगणकांना असे कायदेशीर संरक्षण अद्याप लाभलेले नाही.