जंतूंची वीज

इंद्रायणीच्या कांठचें तळवडें आज कारखान्यांनीं वेढलेलें आहे. तेथून पूर्वेस मोशी येथें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या कचऱ्यापासून वीज उत्पन्न करणाऱ्या कारखान्याचें उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजीं झालें. तेथें कचरा जाळून वाफ करितात व वाफेनें जनित्र फिरवितात. परंतु कुजणाऱ्या पदार्थांतली शक्ति जंतूंकडून काढून घेण्याची कल्पना बरीच जुनी असून, तिचा एक आरंभ मुंबईंत, समाजानें दूर लोटलेल्या माणसांच्या वसतींत झाला, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नाहीं.

म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठीं आश्रम निघाला. (मुंबईच्या महारोग्यांच्या वसतींत १८५९ सालींच असा वायु काढिला गेला, असें पुष्कळ ग्रंथांत लिहिलेलें असतें. माटुंग्यास तें लागू पडणें शक्य नाहीं. तेव्हां हा आश्रम मुळीं नव्हताच.) इतकीं माणसें एके ठिकाणीं राहूं लागल्यावर मैल्याची व्यवस्था लावणें भाग पडलें. त्यासाठीं टांक्या बांधण्यांत आल्या. १८९७ च्या सुमारास त्यांवर वायु धरण्याची सोय झाली आणि १९०७ सालीं त्या वायूवर एंजिन चालूं लागलें. हवेवांचून जगणारे जंतु मैला कुजवितांना मिथेन सोडतात. तोच हा वायु. ज्या रोग्यांच्या सावलीचेंही लोकांना भय वाटे, त्यांच्याच मैल्यावर एंजिन फिरलें!

येथें जंतु सरपण पुरवितात. वीज करावयाची तर एंजिन हवेंच. तें मधलें एंजिनही गाळतां येईल काय? न्यूकॅसल येथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक पॉटर यांनीं १९११ सालीं यीस्ट व जंतु यांच्या द्रावांत प्लॅटिनमचे ध्रुव बुडवून अल्पसा विद्युत्प्रवाह मिळविला. यांतील मर्म असें : अन्न पचवितांना जंतु इलेक्ट्रॉन मोकळे करितात. प्राणवायु जवळ नसला म्हणजे ते इलेक्ट्रॉन ध्रुवास देतां येतात व तारेंतून दुसऱ्या ध्रुवाकडे जातात. तेथें प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी बनतें. १९३१ सालीं अमेरिकेंत कोहेन यांनीं असे अनेक घट जोडून ३५ व्होल्ट दाब मिळविला, पण प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर! ही अडचण अद्याप पुरती सुटलेली नाहीं. म्हणून व्यवहारांत माटुंग्याच्या टांकीचाच मार्ग अधिक उपयोगी पडला.

मोशीच्या भट्टींत ओला कचरा गेला तर पहिली उष्णता त्यांतलें पाणी उडविण्यांत खर्च होते. टांकींतल्या जंतूंना तेंच पाणी लागतें.